गाठीसकट

तै महिन्यातलं दंव जमिनीला भोक पाडतं आणि मासीतलं दंव माडीला, अशी मद्रासकडची म्हण आहे. दोन हजार सहा सालच्या त्या मासी महिन्यात, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाच्या सांध्यावर, नुंगंबाक्कमच्या बोळातल्या त्या घराच्या कुंपणभिंतीला पहाटे हात लावावा तर तळवा ओला व्हायचा. पण ऊन भिंतीवर चढलं की सगळं खलास. मग त्याच भिंतीवर पापड वाळवा. थंडी आणि उन्हाळा यांच्या मध्ये या गावात वसंत म्हणून जे काही येतं ते एवढंच, सकाळच्या कॉफीपासून इडलीपर्यंतचं. अन्नपूर्णाबाईंना तेवढं पुरत होतं.

पहिली कॉफी पोटात गेली की त्या पदर कमरेला खोचायच्या, नवऱ्याचा जुना टॉवेल डोक्याला गुंडाळायच्या आणि एक पाट आणि खुरपं घेऊन घरापुढच्या अंगणात उतरायच्या. पाटावर बसून पुढ्यातलं तण काढायचं, मग पाटासकट फुटभर पुढे सरकायचं, पुन्हा काढायचं. बोळातून जाणाऱ्याला वाटावं, ही बाई गवताला पंगत वाढतेय.

गवत म्हणजे अजून गवत नव्हतंच. नर्सरीतून आणलेल्या कोरियन गवताच्या चौकोनी तुकड्यांच्या त्यांनी चिमटी चिमटी एवढ्या जुड्या केल्या होत्या आणि वीत वीत अंतरावर रोवल्या होत्या. जुड्या पिवळट, मरगळलेल्या, आजारी पोराच्या केसांसारख्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या मातीत मात्र न बोलावलेलं तण कसं तरारून आलेलं. चकचकीत हिरवं, भाल्यासारखं सरळ.

"पाहा कसें माजलें," अन्नपूर्णाबाई तणाला म्हणायच्या. "यजमान उपाशी आणि तूं ढेकर दे."

वरच्या माळ्यावर भाड्यानं राहणारे दत्तोपंत ऑफिसला निघताना जिन्यात थबकायचे. केंद्र सरकारची नोकरी, साताऱ्याकडून बदलून आलेले, आणि सल्ला द्यायला मागेपुढे न पाहणारे.

"काकू, ही परदेशी जात आहे. इथल्या उन्हाला टिकायची नाही."

"तुम्ही टिकलांत कीं."

दत्तोपंत हसत फाटकाबाहेर पडायचे. बाई पुढे सरकायच्या. "लागेल," त्या पाठीमागून सांगायच्या. "थांबा."

हे दोन शब्द त्यांचे जन्माचे. तंजावरच्या मराठी घरातली ही मुलगी लग्न होऊन मद्रासला आली आणि टेलिफोन एक्स्चेंजात चिकटली. कानाला हेडफोन लावून आयुष्यभर ट्रंक कॉल जोडले. पलीकडे कुणाचा बाप अत्यवस्थ, कुणाच्या पोरीचं लग्न मोडायला आलेलं, कुणाचा माल बंदरावर अडकलेला. लाईन खरखरायची, तुटायची. बरोबरच्या बाया सरळ सांगून टाकायच्या, लाईन लागत नाही. अन्नपूर्णाबाईंनी ते वाक्य कधी तोंडातून काढलं नाही. "लागेल. थांबा," म्हणायच्या आणि मदुरै नाही तर तिरुच्चीवरून वळसा घालून लावून द्यायच्या. निवृत्त झाल्या, पण स्वभाव काही हेडफोनबरोबर जमा करून आल्या नाहीत. कॉफीची डिकॉक्शन उतरत नसली तरी त्या फिल्टरकडे बघून हेच म्हणायच्या.

आणि राणोजींनाही गेले काही महिने हेच ऐकावं लागत होतं.

राणोजी त्यांचे यजमान. रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. चालण्याचं वेड. बस ही पाय नसलेल्यांची सोय आहे असं बस स्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांसमोर म्हणायचे. रविवारी घरून निघून तिरुवल्लिकेणीतल्या बहिणीकडे कॉफी आणि तिथून समुद्रावर, परतही पायीच. अशा माणसाला ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात, बोळात गुडघाभर पाणी होतं त्या दिवसांत, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली. माणूस वाचला, घरी आला, रोज येणाऱ्या रम्या नावाच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्याला भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत चालवलंही. मग एक दिवस काठी घेऊन स्वतःच अंगणात उतरले आणि आपटले.

पाऊस सरून अंगण तेव्हा पुन्हा दगडासारखं झालेलं. त्याआधीच्या दुष्काळाच्या दोन वर्षांत टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना तिथे हिरवळीला कोण घालतो? जुनी हिरवळ जळाली, मातीची ढेकळं झाली. राणोजींचं कोपर सोलवटलं. ते फार नव्हतं. पण फाटकाशी फुलवाली उभी होती, तिनं "अय्यो पावम" म्हटलं. पावम, म्हणजे बिच्चारा. त्या दिवसापासून राणोजी तिण्णैच्या खाली उतरले नाहीत. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. तिथे वेताच्या खुर्चीत बसायचं, पेपर मांडीवर, काठी भिंतीला.

रम्यानं अन्नपूर्णाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मामी, घरातल्या घरात चालून भागायचं नाही. उंचसखल जमीन पायाला लागली पाहिजे. उन्हाळा संपेपर्यंत हा पाय आळसावला तर कायमचा आळसावला."

राणोजींचं उत्तर एकच. "नोको."

"बरें," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "विहिरीस पाणी आलें आहे. गादी अंथरतें अंगणांत. पडलांत तर गादीवर पडाल."

"गादी... उगवेपर्यंत... मी जातों वर."

"जावा. पण गवतावरून चालत जावा."

तर अशी ही हिरवळ. शोभेसाठी नव्हती. एका माणसाला ओट्यावरून खाली उतरवायला होती.

त्या दिवशी तिरुवल्लिकेणीत नणंदेच्या, कामाक्षीच्या, नातवाचं बारसं. अन्नपूर्णाबाईंना जाणं भाग. राणोजी येईनात. काठी टेकत चारचौघांत जायचं आणि पुन्हा कुणीतरी पावम म्हणायचं. "मजला... भूक नाहीं," म्हणाले, जसं काही बारशाला फक्त जेवायलाच जातात.

बाई निघाल्या खऱ्या, पण जीव अंगणात. आदल्या संध्याकाळी त्यांनी पाणी सोडलं होतं. माती लोण्यासारखी झाली होती. तण उपटायला हाच दिवस, उद्या पुन्हा घट्ट. ऑटो फाटकाशी येऊन हॉर्न मारत होता. तेवढ्यात वरून दत्तोपंतांची बायको विद्युलता वाळवणाची बादली घेऊन खाली आली. सांगलीकडची, तिशीची, हाताला चपळ, आणि मद्रासमध्ये आपल्याशी मराठी बोलणारं माणूस खालीच सापडलं म्हणून पहिल्या दिवसापासून काकूंवर फिदा. काकूंची मराठी तिला निम्मी कळायची. उरलेली ती अंदाजानं भरून काढायची, आणि अंदाज बहुतेक बरोबर यायचा. 'अस्की' म्हणजे सगळी, हे तिनं असंच शोधून काढलं होतं.

"विद्दू, अगो ये इकडें. एक काम करशील?"

"सांगा की काकू."

"माती मऊ आहे. आज कोरै अस्की उपटून टाक. गाठीसकट काढ हं. वरून तोडशील तर उपयोग नाहीं, एक गाठ राहिली तर तिच्या दहा होतात. मेलें पिशाच आहे तें. अस्की! समजलें?"

"समजलं काकू, जावा तुम्ही."

ऑटोवाल्यानं पुन्हा हॉर्न मारला. अन्नपूर्णाबाई बसल्या. ऑटो वळला.

आता बघा. तमिळमध्ये कोरै म्हणजे ते भाल्यासारखं तण. मद्रासच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. विद्युलतेला कुठून ठाऊक असणार? सकाळी काकू तण काढायच्या तेव्हा ती वर डब्याच्या घाईत. तिनं गेला महिनाभर घरात एकच शब्द ऐकला होता, कोरियन. नवरा रोज म्हणायचा, काकूंचं ते कोरियन काही जगत नाही. आणि अंगणात बघावं तर काय? पिवळट जुड्या माना टाकून बसलेल्या, आणि त्यांच्या मधे हिरवंगार, टवटवीत, देशी गवत वर आलेलं. विद्युलता हुशार बाई. तिनं दोन आणि दोन चार केले. काकू कंटाळल्या त्या परदेशी गवताला. पिशाच म्हणाल्या. कोरियनचं लाडानं, नाही, रागानं कोरै केलं. हे लोक शब्द असे आखूड करतातच.

तिनं पदर खोचला, काकूंचाच पाट घेतला आणि फाटकाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

काम झ्याक चाललं. मऊ मातीतून जुडी अलगद वर यायची, पांढऱ्या मुळांसकट. गाठी मात्र कुठे दिसेनात. तिनं बोट घालून घालून शोधलं. परदेशी गवताच्या गाठी बारीक असतील, असं म्हणून ती प्रत्येक जुडी भोवतालच्या मातीच्या गोळ्यासकटच काढून टोपलीत ठेवायला लागली. न जाणो, एक राहिली तर तिच्या दहा व्हायच्या.

ओट्यावर राणोजींनी पेपरमधून डोकं वर काढलं. पहिल्यांदा त्यांना कळेना, ही बाई करतेय काय. मग कळलं.

"ओ... ओय! तें... नोको!"

जीभ जड, मधे बोळातून पाण्याची लॉरी चाललेली. विद्युलतेला नुसतं ओओ ऐकू आलं. ती लगबगीनं हात पुसत आली. "काय काका, पाणी हवं?" आत जाऊन फुलपात्र भरून आणलं आणि त्यांच्या उजव्या हातात दिलं. राणोजींनी मान जोरजोरात हलवली. "पुरे?" ती म्हणाली, "बरं, ठेवते इथं," आणि परत पाटावर.

राणोजींनी काठी फरशीवर आपटली. ठक, ठक. ती पुन्हा उठली. "कॉफी का? अहो मग सांगायचं की!" राणोजी डोळे वटारून अंगणाकडे बोट दाखवत होते. तिनं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं, ओळच्या ओळ साफ झालेली पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "छान झालंय ना? दुपारपर्यंत सगळं काढते बघा."

कॉफी आली. निवत राहिली. टोपली भरत चालली. फाटकाकडचा निम्मा भाग उघडा पडला आणि त्यावर कोरै तेवढं उभं, कसं डौलात, जसं काही त्याच्याच लग्नाला मांडव घातलाय.

राणोजींनी एकदा फाटकाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. असतं तरी त्या घडीला त्यांना पर्वा नव्हती. बायको महिनाभर पाटावरून सरकत सरकत एकेक चिमूट रोवत होती, ते त्यांनी याच खुर्चीतून पाहिलं होतं. तिला एकदाही सांगितलं नव्हतं की मी पाहतो आहे.

काठी काखेत मारली. उजव्या हातानं खांब धरला. उजवा पाय पायरीवर, मग डावा ओढून. पुन्हा उजवा. मग माती. काठी मातीत रुतली, ती उपसून काढावी लागली. डाव्या पायानं मागे एक नांगरट सोडली. रम्यानं शिकवलेलं सगळं, टाच आधी, गुडघा वर, सगळं विसरून ते रेल्वेच्या शंटिंगच्या इंजिनासारखे फुसफुसत पुढे सरकले, आणि विद्युलतेच्या पाठीशी पोचून त्यांनी काठी सरळ तिच्या टोपलीवर आपटली.

ती दचकून वळली आणि तोंडावर हात घेतला. "काका! तुम्ही खाली!"

"आधी... तें... ठेव."

तिच्या हातातली जुडी खाली पडली. राणोजींचे गुडघे तेवढ्यात संपले. ते बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच, पण भिजल्या मातीत. लागलं काहीच नाही. बसल्या बसल्या त्यांनी उजव्या हातानं शेजारचं हिरवं भाल्यासारखं पातं मुळाशी धरलं आणि हिसका दिला. खाली काळी, केसाळ, हरभऱ्याएवढी गाठ लोंबत आली. त्यांनी ती नखानं फोडली आणि तिच्या नाकाशी धरली.

"को-रै," ते म्हणाले. पाहुण्या पोराला अक्षर शिकवावं तसं.

विद्युलतेनं वास घेतला. कालव्याच्या काठचा, ओल्या मातीचा, कापरासारखा वास. तिनं कपाळावर मातीचा हात मारून घेतला. "अगं बाई! हा तर लव्हाळा! आमच्या कालव्याच्या कडेला हाच माजतो. आमचा आजा उपटून उपटून म्हातारा झाला." मग तिनं टोपलीकडे पाहिलं. "मग हे काय काढलं मी?"

राणोजींना हसू आलं. अर्धंच तोंड हसत होतं, पण ते बेदम हसत होतं.

"काका, आत चला. उठा. काकू मला मारतील."

"तुला नाहीं. मजला." त्यांनी टोपली काठीनं स्वतःकडे ओढली. एक जुडी उचलली, बोटानं मातीत खळगा केला, जुडी ठेवली आणि मुठीनं दाबली. "असें. लाव."

बारशाच्या घुगऱ्यांची पुडी घेऊन अन्नपूर्णाबाई परतल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. फाटक ढकलताना त्यांची नजर सवयीनं ओट्यावर गेली. खुर्ची रिकामी. काठी नाही. पेपर खाली पडलेला. त्यांचा हात फाटकावरच राहिला. मग अंगणातून आवाज आला.

"अगो... वाकडी लावतेस."

"तुम्ही लावा मग सरळ!"

कडुनिंबाच्या सावलीत त्यांचे यजमान मातीत फतकल मारून बसले होते. वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, कपाळाला माती. समोर वरची विद्दू, डोळे रडून लाल आणि हात कोपरापर्यंत काळे. मधे टोपली, टोपलीवर ओला टॉवेल.

आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडणाऱ्या बाईला बोलायला शब्द सापडेना. सापडला तो असा: "वेष्टी गेली."

विद्युलता उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. कोरै, कोरियन, पिशाच, गाठी, पाणी, कॉफी. अन्नपूर्णाबाई ऐकता ऐकता लाल झाल्या.

"अगो, कोरै म्हणजे कोरै! कोरियन म्हणजे कोरियन! दोन्हीस एक म्हणून कोण सांगितलें तुजला? डोळे होते कीं नाहीं? महिनाभर कंबर मोडून लाविलें मी!"

"मग लव्हाळा म्हणायचं ना काकू! सरळ मराठीत!"

"लव्हाळा? तें काय? आम्ही आज तीनशें वर्षें मराठीच बोलतों आहों. आम्हांस कोण सांगितलें लव्हाळा म्हणून?"

"मग मला कोरै कोण सांगितलं?"

राणोजी खालून काठी हलवत म्हणाले, "ट्रंक कॉल... राँग नंबर."

अन्नपूर्णाबाई अशा काही खो खो हसत सुटल्या की घुगऱ्यांची पुडी सुटली. विद्युलतेला कळेना, आपण हसायचं की रडायचं. तिनं दोन्ही केलं.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "यांस कोण उतरविलें?"

"कुणी नाही. मला ओरडायला उतरले."

बाईंनी मातीत पाहिलं. पायरीपासून टोपलीपर्यंत डाव्या पायाची ती लांब रेघ गेली होती, न तुटता.

"तरीच," त्या म्हणाल्या. "इतके महिने मी कांहींच चुकत नव्हतें. तेंच चुकलें."

मग टॉवेल उचलून त्यांनी जुड्या तपासल्या. प्रत्येकीला मातीचा गोळा चिकटलेला, मुळं ओली. "हें बरें केलेंस," त्या विद्युलतेला म्हणाल्या. "नाहीं त्या गाठी शोधलीस, मुळें वांचलीं." मग पदर खोचून त्याही बसल्या, बारशाच्या जरीच्या साडीसकट.

ऊन कलेपर्यंत टोपली रिकामी झाली. मधे राणोजींना सावलीतून हलवायचा, घरात न्यायचा दोघींनी प्रयत्न केला. गडी हलेना. शेवटची जुडी लागल्यावर मात्र त्यांनी स्वतःच हात वर केला. एकीकडून बायको, एकीकडून विद्दू. उभे राहिले. पण ओट्याकडे वळेनात.

"दाबायला... पाहिजे," म्हणाले. "पायानें."

खरंच होतं ते. नवी लावलेली जुडी पायानं दाबावी लागते, नाहीतर मुळाशी हवा राहते. अन्नपूर्णाबाईंनी विद्दूला डोळ्यांनी खुणावलं, सोड. आणि स्वतःही हात काढला. फक्त एक पाऊल मागे राहिल्या.

राणोजी ओळीवरून निघाले. काठी, उजवा पाय, मग डावा ओढत. उजवा पाय नुसता टेकायचा, पण तो जड, ओढलेला डावा पाय जुडीवरून जाताना माती अशी चेपून टाकायचा, जसा काही रोड रोलर.

"डावाच बरा बसतो आहे," मागून बाई म्हणाल्या. "उजव्यानें जरा शिकून घ्या त्याजकडून."

"बोलूं... नको. लक्ष जातें."

फाटकाशी फुलवाली आली होती. संध्याकाळचा मोगरा परडीत. तिनं आत पाहिलं आणि तोंड उघडलं. राणोजींनी मान वर न करता काठी तिच्याकडे रोखली. "पावम म्हणशील... तर फूल नोको." त्यांनी ते तमिळमध्ये म्हटलं. फुलवालीनं तोंड मिटलं आणि मोगरा एक वीत जास्त मोजला.

दत्तोपंत ऑफिसातून आले ते दृश्य बघून फाटकातच खिळले. बायको चिखलात, घरमालक हिरवळीवर, काकू जरीच्या साडीत खुरपं घेऊन. काय झालं ते त्यांना विद्युलतेनं जिन्यातून जाता जाता सांगितलं. त्यांनी उघड्या मातीकडे, पुन्हा रोवलेल्या, आता आणखीच मरगळलेल्या जुड्यांकडे पाहिलं आणि सल्ला देण्याची ऊर्मी त्यांना आवरली नाही.

"काकू, उपटून पुन्हा लावलेलं... हे काही आता जगायचं नाही हो."

अन्नपूर्णाबाईंनी राणोजींना हाताशी धरून पायरीवर बसवलं होतं. ते धापा टाकत होते, घामानं निथळत होते.

"लागेल," त्या म्हणाल्या. "थांबा."

"उद्या," राणोजी धापांच्या मधून म्हणाले. "त्या... बाजूस. राहिलें."

"उद्या तिकडचें कोरै काढायचें आहे. तुम्ही दाखवा, विद्दू उपटेल. तिजला आतां नाव ठाऊक आहे."

आत नेऊन त्यांनी राणोजींचे पाय कोमट पाण्यानं धुतले, वेष्टी सोडवून घेतली आणि मागच्या मोरीत बादलीत टाकली. मद्रासची ती काळी माती, एकदा कापसात शिरली की निघायचं नाव घेत नाही. बाईंनी साबणाची वडी घेतली, दगडावर वेष्टी पसरली आणि गुडघ्याजवळच्या डागावर घासायला सुरुवात केली.